उचल आणि हूल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावर शिक्षण, हुंडा, वसतिगृह, पतपेढी इत्यादी विषयांचा ऊहापोह आजवर पुष्कळ झालेला आहे. आजाराविषयी बोलण्याचा प्रघात मात्र आपल्याकडे कमी आहे. आणि जो आजार डोळ्यांना दिसत नाही, सकाळी नसतो व दुपारी असतो, त्याविषयी तर आपण घराच्या उंबऱ्याबाहेर अवाक्षर काढीत नाही. चिटणिसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा अशाच एका आजाराचा विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. आम्ही वैद्य नाही. परंतु मल्टिपल स्क्लेरॉसिस, ज्यास थोडक्यात एम. एस. म्हणतात, त्या व्याधीने आमच्या घरी गेली १९ वर्षे बिऱ्हाड केलेले आहे. आमच्या पत्नीच्या शुश्रूषेच्या निमित्ताने तज्ज्ञांपाशी बसून जे समजून घेता आले आणि घरात जे प्रत्यक्ष पाहिले, त्यांतील एकच भाग आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. तो भाग म्हणजे या व्याधीत वरचेवर येणारी आणि आपोआप ओसरून जाणारी लक्षणे. व्याधीपेक्षा या लक्षणांविषयीच्या अज्ञानानेच घरोघर अधिक दुःख निर्माण होते, असे आमचे मत झालेले आहे.

प्रथम व्याधीची ओळख. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणारे मज्जातंतू यांच्याभोवती मायेलिन नावाचे एक स्निग्ध वेष्टन असते. शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती परक्या जंतूंवर तुटून पडावयाची, तीच या व्याधीत वाट चुकून या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन ठिकठिकाणी झिजते व तेथे कठीण चट्टे पडतात. 'अनेक ठिकाणी आलेले काठिण्य' एवढाच त्या परभाषिक नावाचा अर्थ आहे. चट्टा जेथे पडेल त्याप्रमाणे लक्षण. कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचा पाय ओढला जातो, कोणास मुंग्या येतात, कोणाचा तोल जातो, कोणास लघवीचा वेग आवरत नाही. बहुधा वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत ही व्याधी सुरू होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळते. म्हणजे ऐन संसाराच्या उमेदीत ती गाठते. ती सांसर्गिक नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने वा अंथरुणावर निजल्याने ती कोणास होत नाही. रक्ताच्या नात्यात तिचा संभव इतरांपेक्षा काहीसा अधिक असतो हे खरे. तथापि रुग्णांच्या मुलांपैकी बहुतेकांस ती होत नाही.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील शार्को या विख्यात वैद्याने १८६८ साली या व्याधीचे स्वतंत्र रूप जगापुढे मांडले. परंतु तिची एक बारकाईची हकीकत त्यापूर्वीच लिहिली गेली होती. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते (१७९४ ते १८४८) यास १८२२ साली डोळ्यांनी अंधुक दिसू लागले, आणि काही काळाने त्याची दृष्टी पूर्ववत झाली. पुढे पाय दुर्बल झाले, बधिरपणा आला. काही गेले, काही राहिले. हे सर्व त्याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. आपल्याला काय झाले आहे हे बिचाऱ्यास शेवटपर्यंत कळले नाही. पण त्याच्या टिपणांवरूनच पुढील शतकात तज्ज्ञांनी त्याच्या व्याधीचे निदान केले. नोंद ठेवण्याचे महत्त्व किती, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

आता मुख्य विषय. व्याधी बळावली की आपण मराठीत 'रोगाने उचल खाल्ली' असे म्हणतो. एम. एस.मध्ये खरी उचल होते तेव्हा मेंदूत वा मज्जारज्जूत नवा दाह उत्पन्न होतो, नव्या जागी वेष्टन झडते, नवे लक्षण दिसू लागते किंवा जुने अतिशय वाढते. ते दिवसेंदिवस, कित्येकदा आठवडेच्या आठवडे टिकते, आणि मग सावकाश कमी होते. परंतु याखेरीज दुसराही एक प्रकार आहे. अंगातील उष्णता वाढली, ताप आला, रात्रभर झोप झाली नाही किंवा शरीर फार थकले, की पूर्वीचीच लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. पाच वर्षांपूर्वी अधू होऊन सुधारलेला डोळा पुन्हा अंधुक होतो; बरा झालेला पाय पुन्हा अडखळतो. कारण दूर झाले, अंग निवाले, विसावा मिळाला, की काही मिनिटांत वा काही तासांत सर्व पूर्वस्थितीवर येते. यात नवा दाह नसतो, नवी हानीही झालेली नसते. या प्रकारास आम्ही 'हूल' म्हणतो.

हूल का उठते, हे शेतावरच्या पाटाच्या दृष्टांताने चांगले उमजते. ज्या पाटाचे अस्तर शाबूत आहे, त्याचे पाणी भर दुपारीही शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. ज्याचे अस्तर मध्येच झिजलेले आहे, त्याचे पाणी सकाळच्या गारव्यात कसेबसे पोचते. उन्हे तापली की वाटेतच जिरते. सायंकाळी पुन्हा पोचू लागते. दुपारी शेवटचा वाफा कोरडा राहिला म्हणून पाट नव्याने फुटला असे कोणी जाणता शेतकरी म्हणत नाही. मज्जातंतूंची गोष्ट अशीच आहे. निरोगी तंतूत संदेश पुढे ढकलण्याचे बळ गरजेच्या कित्येक पट असते. वेष्टन झिजलेल्या तंतूत ते जेमतेम पुरण्याइतके उरते. तंतूच्या अंगी सोडियम क्षाराचे कण आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. उष्णता वाढली की ती लवकर मिटतात, संदेशाचा जोर घटतो आणि तो मध्येच खुंटतो. यासाठी फार उष्णता लागते असेही नाही. शरीराचे तापमान अर्धा अंश सेल्सिअस वाढले तरी काहींना ते पुरे होते. सुमारे ६० ते ८० टक्के रुग्णांस उष्णतेचा असा त्रास होतो, असे मानले जाते.

जर्मनीतील नेत्रवैद्य विल्हेल्म उट्‌होफ यांनी १८९० च्या सुमारास ही गोष्ट प्रथम नमूद केली. श्रम केल्यावर काही रुग्णांची दृष्टी मंद होते व विसाव्यानंतर सुधारते, असे त्यांच्या पाहण्यात आले. त्यांनी दोष श्रमांकडे दिला. खरे कारण श्रमांनी वाढणारी उष्णता हे होय, हे पुढे कळले. एमआरआय यंत्र येण्यापूर्वी तर रुग्णास कढत पाण्याच्या टबात बसवून लक्षणे उमटतात की काय, हे पाहण्याची परीक्षाच रूढ होती. ती धोक्याची असल्यामुळे सोडून देण्यात आली.

येथे एका शब्दाविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. वैद्यकाच्या परिभाषेत या हुलीस जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'खोटा झटका' असा होतो. वैद्य तो शब्द निर्मळ हेतूने वापरतात. झटका खोटा, म्हणजे नव्या दाहाचा नव्हे, इतकेच त्यांना म्हणावयाचे असते. पण तोच शब्द घरी आला की त्याचे रूप पालटते. झटका खोटा, म्हणून रोगी खोटा. पाय ओढीत चालणे हे सोंग. सकाळी पोळ्या लाटणारी सून दुपारी निजून राहते ती आळसाने. पाहुणे आले की हिला नेमके दिसेनासे होते! अशी वाक्ये किती सुनांनी, किती धाकट्या भावांनी ऐकली असतील, त्याची गणती नाही. म्हणून आम्ही सांगतो, हूल देते ती व्याधी, रोगी नव्हे. हुलीतला अंधुकपणा खराच असतो, पायातले बळ खरेच गेलेले असते. ते परत येणार असते, एवढाच काय तो फरक. जिन्यावर पाय लटका पडला तर पडणाऱ्याचे हाड खरेच मोडते.

आपल्या घरांतील रीतिभाती या दृष्टीने तपासून पाहाव्यात. दिवाळीचे अभ्यंगस्नान कढत पाण्याचेच असावे असा आपला आग्रह असतो. एम. एस.च्या रुग्णास तेच स्नान अर्धा दिवस अंथरुणास खिळवू शकते. तेल-उटणे जरूर लावावे. पाणी मात्र कोमट असावे. न्हाणीघरात बसण्यास चौरंग वा स्टूल ठेवावे आणि आतून कडी घालण्याचा हट्ट धरू नये. कारण ऊनऊन पाण्याने अंगातील बळ जाऊन उठता न येण्याचा संभव असतो. स्वयंपाकघराचेही तसेच. दोन शेगड्या पेटलेल्या, खिडकी बंद, बाहेर वैशाख, आणि वीस माणसांच्या पोळ्या एकटीवर! आमच्या घरी पोळ्या पहाटेच होतात आणि दुपारी चूल बंद असते. कोणाचे काही अडत नाही.

आपली लग्नसराई येते ती ऐन उन्हाळ्यात. अकोला, नागपूर, चंद्रपूर या बाजूस मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोकणात व मुंबईस पारा तितका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. त्यांत शालू, दागिने, जागरण, उपवास, प्रवास यांची भर. अशा दिवशी रुग्णाने मांडवात चार तास उभे राहावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. वधूपक्षाने एक गार खोली आणि टेकावयास एक आरामखुर्ची राखून ठेविली, तर तीच घरची लेक सायंकाळच्या भोजनास हसतमुखाने बसलेली आपणांस दिसेल.

बाळंतपणाविषयी विशेष सावधपणा हवा. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, या व्याधीची उचल कमी होते; प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ती वाढते. याच काळात आपण बाळंतिणीस खाटेखाली शेगडी ठेवून शेक देतो, धुरी देतो, तिला कोंदट खोलीत ठेवतो. रात्रीची झोप तर बाळाने हिरावलेलीच असते. म्हणजे खऱ्या उचलीचा काळ आणि हुलीची सर्व कारणे एकाच खोलीत एकत्र येतात. अशा बाळंतिणीस शेक देऊ नये. रात्री बाळ सांभाळण्यास दुसरे माणूस असावे. आणि नवे लक्षण दिसताच 'बाळंतवात आहे, जाईल' म्हणून स्वस्थ बसू नये.

आता आपण विचाराल, हूल कोणती आणि उचल कोणती हे घरच्या माणसांनी ओळखावे कसे? अंतिम निर्णय तज्ज्ञांचा. तरी चार प्रश्न घरी विचारता येतात. लक्षण जुनेच आहे की नवे? पूर्वी कधी न झालेले असेल तर ती हूल समजू नये. कारण काही घडले आहे काय? ऊन, स्नान, श्रम, जागरण, मनस्ताप, मासिक पाळी यांपैकी काही. ताप आहे काय? लघवीस जळजळ, वरचेवर जावे लागणे, दुर्गंधी असा काही विकार आहे काय? मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे हुलीचे फार मोठे कारण असते, आणि संवेदना मंद झालेल्या रुग्णास कित्येकदा जळजळ जाणवतही नाही. म्हणून लघवी तपासून घेणेच बरे. आणि चौथा प्रश्न घड्याळाचा. अंग निवविल्यावर, विसावा दिल्यावर किती वेळात उतार पडतो? खरी उचल म्हणावयाची तर लक्षण निदान २४ तास सतत टिकावे लागते, त्यामागे ताप वा संसर्ग असता कामा नये आणि मागील उचलीनंतर निदान ३० दिवस लोटलेले असावेत, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. जंतुसंसर्गामुळे उठलेली हूल मात्र संसर्ग आटोक्यात येईपर्यंत काही दिवसही टिकू शकते. याखेरीज काही सेकंद वा मिनिटे टिकून पुनःपुन्हा येणाऱ्या कळा आणि पेटके असतात; मान खाली वाकविताच पाठीतून वीज गेल्यासारखे वाटते, तेही त्यांतलेच. ते वैद्यांस सांगावे. त्यांवर वेगळी औषधे आहेत.

परंतु याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. 'हूलच आहे' असे म्हणण्याची सवय जडली की खरी उचल हातची निसटते. डोळा दुखून दृष्टी मंदावणे, हाता-पायात नवा दुबळेपणा, न थांबणारी भोवंड व उलट्या, लघवी अडणे, गिळण्यास वा श्वासास त्रास, यांपैकी काही झाले तर घड्याळ पाहत बसू नये. तत्काळ वैद्यांस गाठावे. व्याधीवरील काही औषधे शरीराची प्रतिकारशक्ती कमी करतात. ती चालू असताना आलेला ताप घरी अंगावर काढू नये. आणि तोंड एकाएकी वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, वाचा बंद होणे ही पक्षाघाताचीही लक्षणे आहेत. एम. एस. असलेल्यास पक्षाघात होत नाही असे नाही.

हा भेद औषधाच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. खऱ्या उचलीत मेथिलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड औषध मोठ्या मात्रेत, बहुधा तीन ते पाच दिवस देतात. त्याने सुधारणा लवकर होते. हुलीत दाहच नसल्यामुळे त्याचा उपयोग नाही. उलट हुलीमागे जंतुसंसर्ग असेल तर तो बळावण्याचा धोका, मधुमेह्याची साखर वाढण्याचा धोका, झोप उडण्याचा त्रास. यास्तव मागची चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तेच औषध पुन्हा आणण्याचा मोह टाळावा. त्याचप्रमाणे हूल आली म्हणून 'चालू औषध लागू पडत नाही' असे ठरवून ते मध्येच सोडू नये. उचल कमी करणारी औषधे १९९३ पासून एकामागून एक प्रचारात आली आहेत. त्यांचे काम नवा दाह रोखणे हे आहे. जुन्या झिजलेल्या तंतूंवरील उन्हाचा परिणाम थांबविणे हे त्यांचे काम नव्हे.

मग हुलीवर उपाय काय? उपाय साधे आणि घरगुती आहेत. सावलीत न्यावे, आडवे करावे, मानेवर व मनगटांवर ओला गार पंचा ठेवावा, माठातले गार पाणी थोडे थोडे पाजावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाळ्याचे पडदे व कूलर उत्तम काम देतात. मुंबई-कोकणात हवा आधीच दमट असल्यामुळे त्यांचा गुण येत नाही, तेथे पंखा वा वातानुकूलन लागते. बर्फाच्या पिशव्या बसविलेली बंडीही मिळते. काही रुग्णांस अति गारव्यानेही पाय ताठरतात. त्यांचे मान त्यांनी स्वतः ठरवावे. पूर्वी अशा रुग्णांस व्यायाम वर्ज्य सांगत. आज तसे मानीत नाहीत. हुलीने हानी होत नाही हे कळल्यामुळे सकाळच्या गारव्यात, मध्ये विसावा घेत, झेपेल तितका व्यायाम करावा असेच तज्ज्ञ सांगतात. पाण्याची गोष्ट मात्र विसरू नये. वरचेवर लघवीस जावे लागते म्हणून पुष्कळ स्त्रिया प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. स्थानकावरच्या स्वच्छतागृहाची अवस्था पाहता त्यांचा दोष नाही. पण त्यातून मूत्रमार्गाचा विकार आणि विकारातून हूल, अशी साखळी तयार होते.

रुग्णाजवळ एक साधी वही असावी. तारीख, वेळ, लक्षण, किती वेळ टिकले, ताप किती होता, आधी काय घडले, एवढे सहा रकाने पुरेत. तज्ज्ञांपुढे दहा मिनिटांत सांगावयाचे असते. तेथे वही जिभेपेक्षा नेमके बोलते. आणि घरातही वहीचा एक मोठा उपयोग आहे. तीन महिन्यांच्या नोंदी एका दृष्टीत पाहिल्या, की ही दुपारची हूल कधी व कशाने येते हे घरातील वडीलधाऱ्यांनाही स्पष्ट दिसते, आणि सोंगाची भाषा आपोआप थांबते.

शेवटी ज्ञातिमंडळाच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात ज्या २१ प्रकारांचा अंतर्भाव केला आहे, त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. प्रमाणपत्रासाठी कोठे जावे, कागद कोणते लागतात, याचे मार्गदर्शन आपल्या कार्यालयातून मिळावे. याच व्याधीच्या रुग्णांसाठी मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिच्याशी संबंध जोडावा. वधूवर सूचक मंडळाच्या चालकांसही आमची विनंती आहे. व्याधी लपवून लग्ने जुळवू नयेत, 'लग्न झाले की सुधारेल' असे म्हणू नये. आणि व्याधी मोकळेपणाने सांगणाऱ्या मुलामुलींची नावे वहीतून खोडूही नयेत. तज्ज्ञांच्या सल्ल्याने औषधांचा मेळ घालून संसार, नोकरी, अपत्ये हे सर्व करणारी पुष्कळ माणसे आहेत. सत्य सांगणाऱ्यास शिक्षा होत असेल, तर समाजात सत्य कोण सांगेल?

आणखी एक सूचना. हे संमेलन दरसाल मे महिन्यात भरते, कारण मुलांना सुटी असते. पुढील वर्षापासून ते दिवाळीनंतरच्या थंडीत घ्यावे, निदान दुपारची सभा सायंकाळी ठेवावी आणि मांडवालगत एक गार विश्रांतिस्थान असावे, असा ठराव आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी दिलेला आहे. त्यास खर्च फारसा नाही. परंतु ज्यांच्या खुर्च्या या मांडवात रिकाम्या राहतात, अशी माणसे आपल्याच घरांत आहेत, आणि ती यावीत असे आपणांस वाटते, एवढे त्या ठरावाने त्यांना कळेल. तो ठराव आपण संमत करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.